डाग न पडणारं तेल

मिस्त्री कारखान्यात आला की आधी मशीनशी बोलायचा आणि मग जमलंच तर माणसांशी. चाकावर तळवा ठेवायचा, ते हलकेच फिरवायचा, मान वाकडी करून कान द्यायचा आणि म्हणायचा, "कोरडी पडलीय बिचारी. हिची कुणी चौकशी करतं की नाही?" मशीनवर बसणाऱ्या बायका गालातल्या गालात हसायच्या, कारण त्यांच्या तब्येतीची चौकशी त्याने आजवर कधी केली नव्हती.

कारखाना हे नाव जरा मोठं झालं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीला लागून शिलाई मशीनची रांग, मधोमध लांब कटिंग टेबल आणि मागे कापडाची थानं ठेवायची अंधारी खोली. मी इथली मालकीण, आणि कुणी रजेवर असलं की काज-बटणंही मीच करते. आम्ही इस्पितळांसाठी पांढरे कोट शिवतो. पांढऱ्या कापडावर तेलाचा एक ठिपका पडला तर अख्खा कोट वाया जातो, म्हणून मिस्त्रीने मला वेगळं तेल आणायला लावलं होतं. रंग नाही, वास नाही, कापडावर पडलं तर धुतल्यावर निघून जातं. आम्ही त्याला डाग न पडणारं तेल म्हणायचो. तो डबा मिस्त्री अत्तराची बाटली उघडावी तसा उघडायचा.

त्याचा एक नियम मात्र फार कडक होता. बॉबिनवर दोरा भरायच्या चाकाला एक चिमुकलं रबर असतं. त्या रबराला तेलाचा थेंब लागलेला त्याला खपायचा नाही. "रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि ऐन वेळी तुटतं. किती वेळा सांगायचं?" एकदा या एवढ्याशा रबरावरून त्याने माझ्या सगळ्यात जुन्या कारागीर बाईला असं झापलं की ती रडत घरी गेली. मी त्याला म्हटलं, "मिस्त्री, रबर नवीन मिळतं, बाई मिळत नाही." त्यावर त्याने मान खाली घातली, पण रबर पुसायचं काही सोडलं नाही.

दुसरी खोड त्याच्या कपाची. आमच्याकडचा चहा तो घ्यायचा, पण स्वतःच्या कपात. फडक्यात गुंडाळलेला, कान तुटलेला पत्र्याचा कप तो हत्यारांच्या पिशवीतून काढायचा, चहा प्यायचा, स्वतः विसळायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. आमच्या भांड्यांना त्याचा हात लागायचा नाही. बायकांनी त्याचं नाव नवाबसाहेब ठेवलं होतं आणि खरं सांगायचं तर ते मीच ठेवलं होतं.

माझा धाकटा भाऊ माझ्याकडेच कटिंगला असतो. तिशी कधीच ओलांडलेला, हात सुरीसारखा सरळ चालणारा आणि बोलण्याच्या बाबतीत मिस्त्रीचाच अवतार. तीन वर्षांपूर्वी तो म्हणाला, मिस्त्रीची वरची खोली मोठी आहे, मी तिकडेच राहतो, भाडं वाटून घेऊ. मी बरं म्हटलं. त्याच्यासाठी स्थळं बघायची मी त्याआधीच सोडली होती. माझ्यासमोर भाऊ त्याला 'मिस्त्री' म्हणायचा आणि तो भावाला 'मास्तर', पण एक जण खोलीत आला की दुसऱ्याचा चेहरा उजळायचा. मला कळत होतं आणि मला कळतंय हे मी कुणालाच कळू देत नव्हते. त्यात आम्हा तिघांचीही सोय होती.

त्या सोमवारी भाऊ उशिरा आला. आला तो नजर चुकवत, अंग चोरत. स्टुलावर बसला नाही. कापडाचा थर नीट न लावता त्याने कटिंगचं मशीन चालवलं आणि दहाच्या दहा बाह्या आखूड कापल्या. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच मिटलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मागे चल," मी म्हटलं.

थानांच्या खोलीत गेल्यावर तो म्हणाला, "ताई, दार लाव."

मी दार लावलं. तो कापडाच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. "तुला माहीत आहे ना? आमचं?"

"माहीत आहे," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, आणि वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"काल दुपारी कंडोम फाटला. मला कळलंच नाही. नंतर बघितलं तर चिंध्या झालेल्या."

ज्या भावाचं शेंबडं नाक मी पुसलं, ज्याला शाळेत पोचवताना वाटेत दोनदा चड्डी सावरावी लागायची, तो मला हे सांगत होता. दुसरा एखादा दिवस असता तर मी कानांवर हात ठेवून बाहेर पळाले असते. पण तो इतका घाबरला होता की मला लाजायला सवडच मिळाली नाही.

"कशाने फाटला?"

"तेलाने."

"कसल्या तेलाने?"

त्याने फळीकडे बोट दाखवलं. फळीवर डाग न पडणाऱ्या तेलाचा डबा होता. मीच आणलेला.

मग तो एकेक वाक्य ओढून काढल्यासारखा बोलला. त्याला दर वेळी दुखायचं. कधी नुसती थुंकी लावायचे, ती लगेच वाळायची. तो दात आवळून गप्प राहायचा, पण मिस्त्रीला कळायचंच, मशीनचा आवाज बदललेला ज्याला कळतो त्याला एवढं कळणार नाही का. त्यासाठी वेगळं जेल मिळतं हे दोघांना ऐकून ठाऊक होतं, पण औषधाच्या दुकानात उभं राहून ते मागायची छाती दोघांतही नव्हती. कंडोमच कसाबसा, काचेवर बोट ठेवून घ्यायचे. शेवटी मिस्त्रीने आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं तेल घरी नेलं. म्हणाला, यात काही मिसळलेलं नाही, याने कशाचं काही बिघडत नाही.

रबराला तेलाचा थेंब लागला म्हणून बाईमाणसाला रडवणारा तो माणूस! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मिस्त्री कुठे आहे?"

"गेला." आता त्याचा आवाज फुटला. "फाटलेलं बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसला. म्हणाला, 'माझ्यात ते असणार. मी तुला दिलं. तू आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा.' पिशवी उचलली, कप घेतला आणि गेला. मी रात्रभर जागाच आहे, ताई. मला दवाखान्यात एकट्याने जायची भीती वाटते."

मी बायकांना सांगितलं, भावाच्या पोटात कळ आलीय. पोटाचं नाव काढलं की कुणी पुढे विचारत नाही.

सरकारी इस्पितळात एचआयव्हीचा वेगळा विभाग असतो, हेही मला बाकावर बसलेल्या एका आजोबांना विचारून कळलं. विचारताना माझीच बोबडी वळली. आजोबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि जिन्याकडे बोट केलं. जिना चढताना मला सारखं वाटत होतं की वरून कुणीतरी ओळखीचं उतरणार. भाऊ कठडा धरून चढत होता.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांच्या अंगातला कोट आमच्याकडचा होता, कॉलरच्या टीपेवरून मी ओळखलं. भीतीने माणूस काहीही बघत बसतो. मी तेवढा वेळ त्या टीपेकडेच बघत होते. भावाने खाली मान घालून सगळं सांगितलं. बाई ना हसल्या, ना त्यांनी नाक मुरडलं.

"बरं झालं लगेच आलात," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तरच या गोळ्यांचा उपयोग असतो, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. पहिली इथेच घ्या. महिनाभर चुकवायच्या नाहीत. तुमचं रक्त आज तपासते, पण कालचं काही आज दिसायचं नाही. खरी तपासणी त्यांची व्हायला हवी. त्यांच्यात नसेलच तर तुम्हाला गोळ्यांची गरज नाही. ते कुठे आहेत?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या रक्तात आज काही सापडलं नाही, पण कालच्या भीतीवर त्याचा काही इलाज नव्हता. सगळं त्या पळालेल्या माणसाच्या रक्तावर येऊन अडलं होतं.

मंगळवारी मी मिस्त्रीला शोधायला निघाले. माणूस पळाला तरी मशीनं कुठे पळतात? त्याची गिऱ्हाइकं मला माहीत होती. पडदेवाल्याकडे तो नव्हता, गादीवाल्याकडे येऊन गेला होता. पिशव्या शिवणाऱ्यांच्या तळघरात एका जाड सुईच्या मशीनखाली मला त्याचे पाय दिसले. त्याची चप्पल मी कुठेही ओळखीन, तिला मशीनचा पट्टा शिवलेला आहे.

"मिस्त्री, बाहेर या."

पाय हलायचे थांबले. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. आधी त्याने माझ्या मागे पाहिलं, भाऊ आलाय का ते.

"तो कसा आहे, ताई?"

"गोळ्या घेतोय. घेतली की ओकतोय. आणि दाराकडे बघत बसतोय."

त्याने तोंड फिरवलं. "मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते."

"लाज सावकाश वाटून घ्या. आधी रक्त द्या."

"नको," तो म्हणाला. एवढा दांडगा माणूस, पण आवाज तापातल्या पोरासारखा. "माझा आधी एक सोबती होता, ताई. दुसऱ्या गावात. तो वाळत वाळत गेला. शेवटी चमचा धरवत नव्हता. जवळ जायला कुणी धजत नव्हतं, मीच पाणी पाजायचो. तेव्हापासून मला माहीत आहे, माझ्यातही ते आहे."

"तपासून घेतलंत?"

"कशाला? माहीतच आहे."

"न तपासता?"

"कुणी तोंडाने सांगितलं की मग खरं होईल ते. आता निदान कामावर तरी जाता येतं."

माझी नजर त्याच्या पिशवीवर गेली. पिशवीच्या तोंडाशी फडक्यात गुंडाळलेला कप होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मिस्त्री, हा कप आमच्यासाठी होता?"

"तुमच्या बायकांच्या घरी लहान पोरं आहेत, ताई," तो म्हणाला.

मला त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून मी तोंड सोडलं. "सगळ्या जगाला शिकवता, रबराला तेल लावू नका. तुम्हाला एवढं कळलं नाही, तेही रबरच आहे?"

"कळत होतं. पण तेव्हा डोकं कुठे जागेवर होतं? त्याला दुखू नये, एवढंच होतं डोक्यात." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मी आलो आणि माझ्यात निघालं, तर तो माझ्याकडे कसा बघेल?"

"तुम्ही आला नाहीत तर तो महिनाभर ओकत गोळ्या खाईल आणि तुम्ही कुठे मेलात याचा विचार करत बसेल. मशीन न उघडता बिघाड सांगणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिलेत. तुम्हाला मी त्यातले समजत नव्हते."

त्याने हात पुसले, पिशवी उचलली आणि माझ्या मागे जिना चढला. वर रस्त्यावर आल्यावर तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा मी मागे वळून नुसती उभी राहिले.

भावाला मी फोन करून इस्पितळात बोलावून घेतलं. तिथल्या बोळात ते दोघे एका बाकावर मधे एक जागा सोडून बसले. रविवारनंतर पहिल्यांदाच भेटत होते, पण एकमेकांकडे बघत नव्हते. मिस्त्रीच्या कोपराच्या खाचेत कापूस दाबलेला होता आणि तो दाबून ठेवायला सांगितलेलं विसरून त्याचा हात लोंबत होता. भावाने मधल्या जागेवरून हात लांब करून कापूस दाबून धरला. मिस्त्री दचकून दूर सरकला. "रक्त आहे ते," तो म्हणाला. भावाने हात काढला नाही.

मग नाव पुकारलं. दोघे आत गेले, दार बंद झालं. माझ्या डोक्यात भलभलतं यायला लागलं. भाऊ अंथरुणाला खिळलेला. मी त्याला पाणी पाजतेय. बायका काम सोडून चालल्यात. भीती एकदा आत शिरली की घरातल्या सगळ्या खोल्या उघडून बघते. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग एकदम कुणीतरी हुंदका दिला. तो मिस्त्रीचा होता. मी उठून उभी राहिले आणि मला पुढे पाऊल टाकता येईना.

भावाने दार उघडलं. "नाहीये! ताई, नाहीये!"

मी आत जाऊन खुर्चीवर बसले, कुणी बस म्हणायच्या आधीच. डॉक्टरीणबाई मिस्त्रीला समजावत होत्या. तो सोबती जाऊन बरीच वर्षं झाली, मधे दुसरं कुणी नाही, तेव्हा नाही म्हणजे नाहीच. गोळ्या बंद. बाकीच्या तपासण्यांना दोघांनी पुन्हा यायचं.

"आणि कपाने?" मिस्त्रीने विचारलं. "उष्ट्या कपाने?"

"कपाने हा आजार होतच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला असता तरी दुसऱ्याला झाला नसता."

"मग मी इतकी वर्षं," तो म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता त्या तेलाचं बघू." भाऊ म्हणाला, "ताई, तू बाहेर जा." मी पडद्यापलीकडे गेले. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे.

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मागच्या जागेला स्वतःचा ओलावा नसतो आणि आतली कातडी पातळ असते. कोरडं घासलं की चिरते, आणि चिरेतून रोग सहज शिरतात. म्हणून जेल हवंच, आणि सढळ हाताने हवं. कंडोमबरोबर तेल नाही, कुठलंच नाही, पेट्रोलियम जेली नाही, अंगाला लावायचं क्रीम नाही. आणि मशीनचं तेल तर कशाबरोबरच नाही, ते अंगासाठी नसतंच. साबण नाही, थुंकी पुरत नाही. पाण्याचं जेल कंडोमला चालतं, सहज धुऊन जातं, फक्त वाळतं लवकर. सिलिकॉनचं जेलही चालतं, ते जास्त टिकतं. वासाचं, गरम-गार करणारं घेऊ नका, आग होते.

"बधिर करणारं मलम मिळतं म्हणे," भाऊ पुटपुटला.

"ते तर अजिबात नको. दुखणं म्हणजे शरीर थांबा म्हणतंय. तेच बंद केलंत तर कळणार कसं? घाई करायची नाही. दुखलं की थांबायचं, आणि गप्प बसायचं नाही, बोलायचं. रक्त दिसलं तर इथे यायचं."

मग मिस्त्रीचा आवाज आला, रडून जड झालेला पण ओळखीचा. "पाण्याचं साधारण किती वेळ टिकतं? मधे परत सोडलं तर चालतं ना? आणि मागच्या जागेला सोडायचं की रबराच्या वरून?"

"दोन्हीकडे," बाई म्हणाल्या आणि आता मात्र हसल्या. पडद्यामागे मी तोंडावर हात दाबून धरला.

इस्पितळासमोर औषधाचं दुकान होतं. मिस्त्री म्हणाला, मी आणतो. छाती काढून गेला आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन आला. मग भाऊ गेला. त्याने बँडेज आणलं. दोघे रस्त्याच्या कडेला शाळेतली पोरं उभी करावीत तसे उभे राहिले.

"थांबा इथेच, मीच आणते," मी म्हटलं.

पायरी चढेपर्यंत मला वाटत होतं, त्यात काय एवढं. काउंटरपाशी गेले आणि तोंडचं पाणी पळालं. मागे एक म्हातारा, शेजारी एक बाई. आमचे कोट नेणाऱ्या एका इस्पितळात तिला पाहिल्यासारखं वाटत होतं. पन्नाशीची बाई मी, उगाच खोकल्याच्या बाटल्या बघत उभी राहिले. या भीतीने त्या दोघांना तेलाच्या डब्यापर्यंत नेलं होतं. आता ती माझ्या मानगुटीवर बसली होती.

"पाण्याचं जेल द्या," मी म्हणाले. "कंडोमबरोबर चालतं ते. वासाचं नको."

दुकानदाराने वर पाहिलं. शेजारच्या बाईनेही पाहिलं. "कुणाला पाहिजे?" त्याने विचारलं.

"माझ्या भावाला," मी म्हटलं. "आणि त्याच्या माणसाला."

वाटलं त्यापेक्षा मोठ्याने बोलले असणार, कारण बाहेर आले तेव्हा भाऊ डोळे पुसत होता. मिस्त्रीने ट्यूब हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला, ठिपकाभर जेल अंगठा आणि बोटात घासून पाहिलं. "पातळ आहे," तो म्हणाला. "मधे मधे सोडत राहावं लागेल."

कारखान्यात परतलो तेव्हा चहाची वेळ झाली होती. मिस्त्रीने सवयीने पिशवीत हात घातला, कपाचं फडकं अर्धं सोडलं आणि तसंच ठेवलं. ट्रेमधून आमचा एक कप उचलला. मशीनं एकेक करून थांबली. सगळ्या बायका बघत होत्या, नवाबसाहेब काय करतात ते. त्याचा हात इतका थरथरला की चहा हिंदकळून कटिंग टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सांडला. तो कप हातात धरून त्या डागाकडे बघत राहिला, तोंडाला लावायची त्याची अजून हिंमत होत नव्हती.

डाग पडला की मी एरवी कारखाना डोक्यावर घेते.

"पडू द्या, मिस्त्री," मी म्हटलं. "प्या तुम्ही."